फक्त टाकीच्या व्यवहारासाठी

मला राग लवकर येतो, हे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. सरकारी नोकरीत होतो तेव्हाही यायचा. सदतीस वर्षं जमिनीच्या कागदांत काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून, आणि अर्धवट कागद घेऊन आलेल्या माणसाला मी कधी टेबलापाशी उभं राहू दिलं नाही. पण तो राग संध्याकाळी घरी येईपर्यंत उतरायचा. हा उतरत नाही.

चोवीस सालचा उन्हाळा होता. नाथसागर धरण तळाला गेलेलं, नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. शहर मात्र चारी बाजूंनी फुगत चाललेलं. शेंद्र्याकडे जा की वाळूजकडे, जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती, आणि प्रत्येक इमारतीसमोर टँकर. आमची हजार लिटरची जुनी काळी टाकी आठ दिवस पुरेना, म्हणून सुयशने, माझ्या मुलाने, पुण्याहून पैसे पाठवून दोन हजार लिटरची नवी बसवून दिली. दोन्ही ठेवल्या असत्या, पण गच्चीवर एवढं ओझं नको म्हणून मिस्त्री अडून बसला. मग जुनी टाकी रिकामी करून कोपऱ्यात उभी केली आणि सुयशने फोनवरून शिकवलं तशी मोबाईलवर जाहिरात टाकली. टाकी चांगल्या स्थितीत, किंमत तीन हजार.

पंधरा मिनिटांत फोन आला. पलीकडचा स्वतःला सर्जेराव म्हणवत होता. शेंद्र्याला बांधकामावर सुपरवायझर आहे, मजुरांसाठी टाकी हवी, घासाघीस करणार नाही, असं म्हणाला. काय ती अदब! मी म्हटलं, "हे बघा, मी रिटायर्ड माणूस आहे. सदतीस वर्षं कागद तपासलेत. कागद बघितल्याशिवाय मी व्यवहार करत नाही, हे माझं तत्त्व आहे."

"साहेब, अशी माणसं राहिलीत कुठं आता?" तो म्हणाला. आणि मी, मूर्ख माणूस, खूश झालो.

त्याने लगेच आपलं ओळखपत्र पाठवलं. मग म्हणाला, आमच्या अकाउंटवाल्यांना विकणाऱ्याचं आधार कार्ड लागतं, आणि मालाशेजारी उभं राहून काढलेला एक फोटो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, की चला, कुणीतरी रीतसर काम करतंय. खाली जाऊन आधारची झेरॉक्स काढून आणली. नोकरीत आम्ही लोकांना नेहमी बजावायचो, कोरी झेरॉक्स कुणाला देऊ नका, कशासाठी दिली ते तिच्यावर लिहा. तसंच मी केलं. दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'फक्त पाण्याच्या टाकीच्या व्यवहारासाठी'. खाली सत्यप्रत, सही, तारीख. मग गच्चीवर टाकीशेजारी उभा राहिलो आणि यमुनेला, म्हणजे बायकोला, फोटो काढायला लावला. पहिल्या फोटोत मी चिडका दिसत होतो म्हणून दुसरा, आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून तिसरा.

"अहो, टाकी विकताय का स्वतःला?" ती म्हणाली.

कागद आणि फोटो पोचल्यावर त्याने एक कोड पाठवला. "साहेब, हा स्कॅन करा अन् पिन टाका, तीन हजार लगेच जमा होतील." इथे मात्र माझे कान टवकारले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, लागतो तो द्यायला. सुयशने हे मला दहादा सांगितलं होतं. मी त्या माणसाला असा झापला की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. त्याने फोन ठेवून दिला. माझा एक पैसा गेला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी नुसती शेखी मिरवली. समोरच्या चिन्मयला, दूधवाल्याला, बँकेच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगत सुटलो, की चोराला कसं पिटाळलं. त्या नादात टाकी विकायची राहूनच गेली.

मग एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर साठीची एक बाई, डोक्यावर घट्ट पदर, आणि तिच्यामागे कंपनीच्या गणवेशातली एक तरुणी. बाईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हेमचंद्र वैजापूरकर तुमीच का?"

"हो. काय काम होतं?"

"मही टाकी कुठंय?"

मला काही उमजेना. तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. माझी आधार कार्डाची झेरॉक्स. माझ्या दोन रेघा, माझं अक्षर, माझी सही. दुसऱ्या कागदावर इस्त्रीचा शर्ट घातलेला मी, टाकीशेजारी. फाटकाची कडी धरून मी तसाच उभा राहिलो.

बाईचं नाव दगडाबाई, मागची तिची सून मोनिका. दोघी बजाजनगरला एका खोलीत राहतात. गावातली विहीर आटल्यावर दगडाबाई सुनेकडे आली आणि कामगारांचे डबे करून द्यायला लागली. चौदा डबे होते. पण घरात पाणी साठवायला दोनच पिंपं, ती तिसऱ्या दिवशी कोरडी. विकतचं पाणी घेऊन स्वयंपाक परवडेना, भांडी वेळेवर घासली जाईनात, आणि सहा जणांनी डबा बंद केला. उरलेले टिकवायचे तर टाकी पाहिजे. मोनिकाने मोबाईलवर माझ्या नावाने टाकलेली जाहिरात बघितली, त्या नंबरवरून आलेल्या या कागदावर विसंबून दोन हजार आठशे रुपये पाठवले. टाकी आली नाही. फोन बंद.

"सुनंनं कागद वाचून दाखवला," दगडाबाई म्हणाली. "सही हाय, तारीख हाय, कशापायी दिला ते बी लिव्हलंय. टाकीच्या व्यवहारासाठी. मीच म्हणलं, धाड पैसे. असला नेटका कागद चोर कामून करल?"

"अहो बाई, तो कागद माझ्याकडून त्या चोराने घेतला! मला काय माहीत तो असा वापरेल!"

"मंग तुमी दिला कामून त्याला?"

सदतीस वर्षं हाच प्रश्न मी टेबलाच्या अलीकडून लोकांना विचारला होता. मी आवाज चढवला. माझ्या दारात येऊन मला चोर म्हणता? मी एक पैसा घेतलेला नाही! तिचा आवाज माझ्याहून मोठा निघाला. गल्ली गोळा झाली. ज्याला मी माझी हुशारी ऐकवली होती तो दूधवाला पण किटली घेऊन थांबला. आयुष्यात मी नावाशिवाय दुसरं काही कमावलेलं नाही, आणि ते नाव फाटकाबाहेर रस्त्यावर तुडवलं जात होतं. मला त्या बाईचा संताप आला, चोराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या सुरेख अक्षराचा.

"आत या आधी," यमुना म्हणाली. दगडाबाई आत आली, पण बसली नाही. जिना दिसला तशी सरळ वर गेली. आम्ही मागे धावलो. गच्चीच्या कोपऱ्यात टाकी उभीच होती. तिने फोटो टाकीशेजारी धरला. झाकणाखाली पांढऱ्या रंगाचा एक ओघळ आहे, तो फोटोतही दिसत होता.

"व्हय, हीच हाय," ती म्हणाली आणि टाकीवर हात ठेवून उभी राहिली. "पैसे म्या दिलेत. ही मही टाकी हाय. घेतल्याबिगर जायची नाय."

"काका, टाकी देऊ नका," चिन्मय माझ्या कानाशी लागला. "दिली म्हणजे पैसे तुम्हीच घेतले असं होईल."

मलाही तेच वाटत होतं. न केलेल्या गुन्ह्याची भरपाई करायची म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखंच. मी मान हलवली.

यमुना तोवर मोनिकाच्या फोनमध्ये ती जाहिरात बघत होती. आता त्याच जाहिरातीखाली नवा नंबर होता. तिने आपल्या फोनवरून तो लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला, आणि साध्या आवाजात विचारलं, "टाकी आहे का हो अजून?"

"आहे ना ताई," तोच अदबीचा आवाज. "मी हेमचंद्र वैजापूरकर, उस्मानपुऱ्यातून बोलतोय. रिटायर्ड माणूस आहे. सदतीस वर्षं सरकारी नोकरी केली. आधी माझा कागद बघा ताई, मगच पैसे पाठवा. कागद बघितल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, हे माझं तत्त्व आहे."

यमुना माझ्याकडे बघत होती. मी फोन हिसकावला आणि आयुष्यात कधी तोंडातून न निघालेल्या शिव्या त्याला घातल्या. तो शांतपणे ऐकत राहिला, मग हसला आणि फोन कट केला. मिनिटभराने यमुनेच्या फोनवर माझा कागद आला. त्याच्याकडून सगळ्यांना आपोआप जात असावा.

मग आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लावून तक्रार नोंदवली, चौकीत जाऊन लेखी अर्ज दिला. हवालदाराने सगळं नीट लिहून घेतलं. दगडाबाई सोबतच होती, माझ्या मागच्या बाकावर बसून. निघताना हवालदार मला म्हणाला, "कागद अजून फिरत असणार, साहेब. तयारीत राहा." कशाची तयारी करायची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

घरी आल्यावर दगडाबाई परत गच्चीवर गेली. मोनिकाची ड्युटी बुडाली होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, चला. दुपारचे डबे राहिलेत." म्हातारी हलेना. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि आमच्या घरचा पाण्याचा तांब्या तिने शिवला नव्हता.

मी खोलीत जाऊन कागद घेतला. 'सदर टाकी मी कोणताही मोबदला न घेता, केवळ माणुसकीच्या नात्याने देत असून, झालेल्या फसवणुकीशी माझा काहीही संबंध नाही.' तारीख घातली, तिच्या सहीसाठी रेघ ओढली आणि वर नेऊन तिला वाचून दाखवला.

"सही नाय करायची मी," ती म्हणाली.

"अहो, टाकी फुकट देतोय मी!"

"फुकट नाय. म्या पैसे मोजलेत. अन् संबंध नाय कसा? तुमच्या सहीला बघून दिलेत. त्या चोराला म्या वळखते का? म्या तुमाला वळखून पैसे दिलेत."

इतकी वर्षं लोक माझ्या सहीसाठी उन्हात ताटकळले. त्या सहीवर विसंबणारं माणूस समोर उभं राहून जाब विचारतंय, हे मी पहिल्यांदा बघत होतो. कागदाची घडी करून मी खिशात घातली. चिन्मय काहीतरी म्हणणार होता, त्याला मी दोर आणायला पाठवलं.

टाकी गच्चीवरून खाली सोडली, छोट्या टेम्पोत घातली. भाडं मी द्यायला गेलो, ते तिने देऊ दिलं नाही. टाकीला हात लावून ती टेम्पोत मागेच बसली. आभार मानले नाहीत. मला त्याचाही राग आला, आणि टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर कळलं की आभार मानायचं तिला काही कारणच नव्हतं.

त्या रात्री मला बरी झोप लागली. नुकसान झालं, पण माझ्या परीने मी निस्तरलं, असं वाटलं. यमुनेला तसं बोलूनही दाखवलं. तिने दिवा मालवला.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मी मोटर लावायला खाली आलो तर फाटकाशी टेम्पो उभा. चाळिशीचा एक माणूस दोन गडी आणि दोर घेऊन उतरला. फकिरा म्हणे, शेंद्र्याहून आला होता. घरी गोठ्यात दोन म्हशी, पाणी साठवायला काही नाही. चेहरा हसरा होता.

"साहेब, तुमी सांगितलं होतं घरीच येऊन न्या म्हणून. पैसे कालच धाडले. टाकी वरच हाय ना?"

मी काही बोलायच्या आत त्याने फोन पुढे केला. आपण योग्य दारात आलोय, याची खात्री पटावी म्हणून. पडद्यावर मी होतो, टाकीशेजारी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, तिसऱ्या खेपेला जमलेलं ते हसू चेहऱ्यावर घेऊन.

"हेच की तुमी," फकिरा म्हणाला आणि दोर खांद्यावर टाकून जिन्याकडे निघाला.