सरकत्या जिन्यावरचे बोंबील

बोईसरचं आमचं शॉपिंग कॉम्प्लेक्स नऊ वर्षं रिकामं आहे आणि मी त्याचा वॉचमन. वर काचेचं छत, आत कावळा नाही. म्हणून मुरबे गावची जमुनामावशी बंद ठेवलेल्या सरकत्या जिन्याच्या कठड्यावर जोडीजोडीने बोंबील वाळत घालते.

काल बिल्डरसाहेब पाहुण्यांना साध्या जिन्याने वर घेऊन गेले. आता इथे खाली दुकानं, वर घरं होणार म्हणाले. मग वरूनच ओरडले, "बळवंत, सरकता जिना चालू कर."

मी बोंबलांचं सांगू लागलो.

"हुज्जत नको."

मग मीही दाबलं बटण.

सरकत्या कठड्याबरोबर बोंबलांच्या जोड्या डुलत वर गेल्या आणि पाहुण्यांच्या बुटांवर पडू लागल्या.

मावशी माझ्यावरच भडकली. "नऊ वर्सं टोपली डोक्यावर घेऊन चढते मी. हा चालतो, ते आदी सांगायला काय झालं होतं तुला?"