दोन गोरक्षांची एक नोंद

जाईबाईंनी तीस वर्षांत चिंचवड ते चाकण एवढ्या टापूत तीनशेच्या वर लग्नं जुळवली, पण त्यांचा शब्द खोटा निघाला असं कुणी म्हटलं नव्हतं. याचा त्यांना भारी अभिमान. दारात पत्ता विचारायला आलेल्या माणसालाही त्या हे ऐकवूनच सोडत.

गुडघे दुखायला लागल्यावर त्यांच्या भाचीने, रावेतच्या उत्कर्षाने, सगळ्या वह्या फोनमध्ये चढवून दिल्या. एकेका स्थळाची एकेक नोंद. त्या सांभाळायला तिने एक एआय बसवलं. त्याच्या हाताशी चार अवजारं होती: नोंद शोधायचं, लिहायचं, जोडायचं आणि पाठवायचं. कोणतं अवजार कशासाठी, हे प्रत्येकाखाली लिहून ठेवावं लागतं, आणि ते बिचारं तेवढंच वाचून कामाला लागतं. उत्कर्षाने कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या जोडायच्या अवजाराखाली लिहिलं, ‘सारख्या नोंदी एकत्र करतं.’ पाठवायच्या अवजाराखाली, ‘योग्य स्थळ पाठवतं.’ झालं! दोन ओळींत काम उरकलं म्हणून भाची खूश.

शुक्रवारी चाकणहून साहेबरावांचा फोन आला. त्यांच्या लेकीने, संस्कृतीने, आजवर एकोणीस मुलं नाकारली होती.

“जाईबाई, तुमी धाडलेलं गोरक्षचं स्थळ पोरीला पसंत हाय. रविवारी तुमच्याकडंच बघायचा कार्यक्रम करू.”

‘कोण गोरक्ष?’ हे शब्द जाईबाईंनी कसेबसे गिळले आणि फोन ठेवून नोंद उघडली. गोरक्ष: कंपनीत इंजिनिअर, चार एकर बागायत, कांद्याची मोठी चाळ. असा मुलगा त्यांच्याकडे असता तर केव्हाच बोहल्यावर चढवला असता. त्यांच्याकडे होते दोन गोरक्ष. एक इंजिनिअर, पण त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. दुसऱ्याकडे शेती आणि चाळ, पण त्याच्या गालात सदा तंबाखू. एआयने दोघांतलं चांगलं तेवढं वेचून एक नवरदेव घडवला होता आणि कुणाला न विचारता धाडूनही दिला होता.

जाईबाईंचा तीस वर्षांचा शब्द रविवारी सगळ्यांदेखत खोटा पडणार होता.

शनिवारी त्यांनी उत्कर्षाला बोलावून तिची चांगलीच खरडपट्टी काढली. “आगं, काय करतं तेवढं लिवलंस. कवा करायचं न्हाई, ते कुणी लिवायचं? आन् सारखी म्हंजी किती सारखी?”

मावशी सांगत गेली, भाची निमूट टाइप करत गेली. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या असतील तरच जोडायच्या. जन्मतारीख आणि आईचं नाव, दोन्ही जुळायला हवं. शंका आली तर थांबून जाईबाईंना विचारायचं. पाठवण्याआधी तर विचारायचंच. मग उत्कर्षाने जुन्या नोंदी परत आणल्या आणि एआयला पुन्हा त्याच कामाला लावलं. या वेळी ते अडलं. ‘दोघांच्या आयांची नावं वेगळी आहेत, म्हणून जोडल्या नाहीत. काय करू?’

“आता कसं शहाण्यावानी बोललं,” जाईबाई म्हणाल्या.

पण रविवार काही टळत नव्हता. साहेबरावांना फोन करून खरं सांगायला जीभ रेटेना. शेवटी त्यांनी दोन्ही गोरक्षांना बोलावलं आणि एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं. साहेबराव संस्कृतीला घेऊन आले आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.

“यातला नवरा कोणचा?”

“अर्धा ह्यो, अर्धा त्यो.” जाईबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. “चूक यंत्राची. माज्या नोंदी खऱ्याच व्हत्या.”

इंजिनिअर गोरक्ष सोफ्याच्या कडेला सरकला. दुसरा उठून बेसिनपाशी तोंड मोकळं करून आला. संस्कृती मात्र गालातल्या गालात हसत होती. “मग त्या खऱ्या नोंदी वाचा की, काकू.”

जाईबाईंनी ऐटीत फोन उघडला. पहिल्या नोंदीत शिक्षण, नोकरी, आणि शेवटी ‘मुलगा चांगला, घर चांगलं, स्वभाव शांत.’ दुसऱ्या नोंदीत शेती, चाळ, आणि शेवटी ‘मुलगा चांगला, घर चांगलं, स्वभाव… शांत.’ आपल्याला कुणी शांत म्हटलंय हे कळून तंबाखूवाल्या गोरक्षला ठसका लागला. तंबाखूचा तर नोंदीत पत्ताच नव्हता.

“यंत्राला दोन्ही सारख्या वाटल्या,” संस्कृती म्हणाली, “तर त्याचं काय चुकलं?”

जाईबाईंनी तिसरी नोंद उघडली, मग चौथी, मग दहावी. सगळीकडे तीच ओळ. तीस वर्षांत त्यांनी कुणाबद्दल खोटं लिहिलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाबद्दल काही लिहिलंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

“आणि माझ्या नोंदीत काय लिहिलंय?” संस्कृतीने विचारलं.

एकोणीस मुलांना वाटेला लावणाऱ्या त्या मुलीकडे जाईबाईंनी पाहिलं. नोंद उघडायची गरजच नव्हती.

“स्वभाव शांत,” त्या पुटपुटल्या.

सगळ्यांत आधी साहेबरावच हसले. जाईबाईंनी तिची नोंद उघडून ती ओळ पुसली आणि खुर्ची ओढून संस्कृतीच्या समोर बसल्या.

“सांग बाई, तुला राग कशाकशाचा येतो? सगळं सांग. मला आज घाई न्हाई.”