पान एकशे बाराची दुरुस्ती

माझ्या इतिवृत्तात कुणी कधी ओरडलं नाही. एकोणतीस वर्षं मी आमच्या मंडळाची चिटणीस आहे. या काळात टेबलावर मुठी आपटल्या, दोनदा पाण्याचा जग फुटला, एकदा तर उपाध्यक्ष वकिलांनी खुर्ची उचलली होती. मी लिहिलं काय? ‘विषयावर सखोल चर्चा झाली.’ सभेत काहीही होवो, शेवटची ओळ ठरलेली असायची: अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली. लोक माझ्या अक्षराचं कौतुक करायचे. अक्षराचं कसलं, इस्त्रीचं कौतुक होतं ते. चुरगळलेलं सगळं मी सपाट करून द्यायचे.

अध्यक्ष म्हणजे माझा थोरला भाऊ. समाजात त्याला सगळे साहेब म्हणतात, मी दादा म्हणते. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी शाळा, टायपिंगचा क्लास, माझं लग्न, सगळं त्यानं केलं. त्याच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, बाई मोठी शूर आहे.

आमचं मंडळ एक बालगृह चालवतं. आईवडील नसलेली, किंवा असून सांभाळू न शकणाऱ्यांची, अशी साठ मुलं. गेल्या महिन्यात तिथल्या अधीक्षकाला पोलिसांनी उचललं. हा माणूस मुलांना कपडे धुण्याच्या खोलीत कोंडायचा. अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना तीच चादर डोक्यावर घेऊन वाळेपर्यंत अंगणात उभं करायचा. हात उगारायचा, हात पिरगाळायचा. बातमी फुटली तसे आमचे सगळे मान्यवर कानांवर हात ठेवून मोकळे झाले. ‘आम्हाला काय कल्पना!’ जो भेटेल तो हेच. दर महिन्याला तिथे जाऊन मुलांची गाणी ऐकणारी, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतानाचे फोटो काढून घेणारी माणसं ही.

चौकशी अधिकाऱ्यांनी मंडळाकडून लेखी खुलासा मागितला. दादानं रविवारी दुपारी चारची सभा लावली आणि फोनवर मला ठराव सांगितला.

‘लिहून घे. सदर प्रकारांची मंडळाला कधीही कल्पना नव्हती. अधीक्षकाची नेमणूक रद्द करण्यात येत आहे. बस्स. दोन ओळींत संपव.’

‘दोन ओळींत संपव’ हे मी त्याच्या तोंडून पूर्वी एकदा ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी स्वतःला पटवत होते, की कधी ते मला आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी दारात एक मुलगी उभी. बावीस-तेवीस वर्षांची, खांद्याला हत्यारांची पिशवी, शर्टाच्या खिशात टेस्टर, पाठीवर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं नाव. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. म्हटलं, ‘अगं, पत्ता चुकलीस तू.’

‘नाही चुकले. मी मिरची.’

बालगृहात तिला सगळे मिरची म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी एका सभेत ही पोर न विचारता दार ढकलून आत आली होती. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नाव ऐकताच मी तिला ओळखलं.

‘बस ना. चहा टाकते.’

‘चहा कागद मिळाल्यावर,’ ती म्हणाली. उंबऱ्याच्या आत आलीच नाही. ‘मावशी, मी तेव्हा साहेबांना सगळं सांगितलं होतं, असं मी चौकशीत सांगितलं. साहेब म्हणतात, अशी कुणी मुलगी कधी तक्रार घेऊन आलीच नाही. चौकशीवाले मला विचारतात, पुरावा काय? मी बोलत होते तेव्हा तुमचं पेन चालू होतं. बघितलंय मी. कुठंय ते?’

‘शोधते,’ मी म्हटलं. ‘रविवारी चारला मंडळाची सभा आहे.’

‘शोधा. रविवारी येते मी.’

शोधायचं काय होतं? जुनी वही कपाटात, पान एकशे बारा. उघडलं. सुंदर अक्षरात लिहिलेलं: ‘बालगृहातील एका मुलीने मुलांच्या वतीने कृतज्ञतेच्या भावना व्यक्त केल्या. अध्यक्षांनी मार्गदर्शन केले.’

आता खरं सांगते. दादानं तेव्हा एवढंच म्हटलं होतं की दोन ओळींत संपव. ‘कृतज्ञतेच्या’ हा शब्द त्यानं सांगितला नव्हता. नुसतं ‘भावना व्यक्त केल्या’ मला कसंतरीच, उघडं उघडं वाटत होतं. म्हणून तो शब्द मी घातला. सभेला बसलेल्यांपैकी तिच्या बाजूनं कुणीच बोललं नव्हतं, ते खरं. पण त्या पोरीचं म्हणणं उलटं करून लिहिणारी मी एकटीच. मला माझी किळस आली. नवरा हयात असता तर त्याच्यापाशी रडले असते. तो नाही, म्हणून नियमावली काढून वाचत बसले.

रविवारी मंडळाच्या सभागृहात नेहमीसारखं सगळं होतं. लांब टेबल, स्टीलचे पेले, भिंतीवर गेलेल्या अध्यक्षांच्या तसबिरी, आणि त्यांच्या शेवटी दादासाठी सोडलेली रिकामी जागा. अकरा सभासद आणि मी. दाराजवळच्या बाकावर मिरची कामाच्याच कपड्यांत येऊन बसली.

‘ही कोण?’ दादानं विचारलं. ओळखलं नव्हतं त्यानं.

‘निमंत्रित. चिटणिसाला बोलावता येतं.’

पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्याकडे ही पद्धत म्हणजे पंगतीतलं मीठ. असतं, पण बघतं कोण? मी वाचते, सभासद मोबाईल बघतात, आणि मी थांबले की ‘कायम, कायम’ असा आवाज होतो. त्या दिवशीही झाला. दादा पुढचा कागद ओढणार, तेवढ्यात मी उभी राहिले.

‘याच विषयात एक दुरुस्ती आहे. पान एकशे बारा. ही नोंद चुकीची आहे आणि ती मी केली आहे. तिच्याऐवजी असं वाचावं.’ आणि मी वाचलं.

‘बालगृहातील अकरा वर्षांची मुलगी सभेत आली. तिने सांगितले की खालच्या खोलीतल्या लहान मुलीचा हात जिन्यावरून पडून मोडलेला नाही, अधीक्षकांनी तो पिरगाळला आहे. तिने कपडे धुण्याच्या खोलीबद्दल आणि ओल्या चादरींबद्दलही सांगितले. अध्यक्ष म्हणाले, खोटं बोललीस तर बाहेर काढू. उपाध्यक्ष म्हणाले, पोरं नाटकी असतात. सभासद मुख्याध्यापिका म्हणाल्या, उशीर होतोय, पुढचा विषय घ्या. चिटणीस काहीच म्हणाली नाही. मुलगी रडत बाहेर गेली.’

मोबाईल खाली ठेवले गेले. एकोणतीस वर्षांत माझं वाचन पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.

वकील उठले. ‘अकरा वर्षांपूर्वी कायम झालेलं इतिवृत्त असं बदलता येत नाही, बाई.’

‘कलम एकवीस. चूक केव्हाही लक्षात आली तरी दुरुस्ती मांडता येते, आणि अनुमोदक मिळाल्यास ती नोंदवावीच लागते. हे कलम तुम्हीच लिहिलंय, वकीलसाहेब. टाईप मी केलं होतं.’

वकिलांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘अनुमोदक मिळाल्यास,’ ते म्हणाले आणि खाली बसले.

‘तेच विचारते,’ मी म्हटलं. ‘कोण देतंय अनुमोदन?’

पंखा फिरत होता. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा पुसायला घेतला. औषधाच्या दुकानवाले काका, सगळ्यांत वयस्कर सभासद, हातातला पेला गोल गोल फिरवत होते. वर कुणीच बघेना.

‘बाळे, खाली बस,’ दादा म्हणाला. सभेत तो मला ‘चिटणीस’ म्हणतो. बाळे ही घरातली हाक. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. समाजाची अब्रू आहे ही.’

‘मूठ झाकलेलीच होती, दादा. इतकी वर्षं तिच्यात पोरांचे हात होते.’

‘तुला मी वाढवलं. विसरलीस?’

‘नाही विसरले. वडील गेले तेव्हा मी रोज तुझ्यापाशी येऊन काहीबाही सांगायचे आणि तू ऐकायचास. नऊ वर्षांची होते मी. ही अकरा वर्षांची होती.’

त्याचा चेहरा क्षणभर हलला. मला वाटलं, आता हा माझा दादा बोलेल. पण बोलले ते साहेब. ‘अनुमोदक नाही. दुरुस्ती फेटाळली. पुढचा विषय.’

‘लिहिते,’ मी म्हटलं आणि पेन उघडलं. ‘दुरुस्ती वाचून दाखवण्यात आली. उपस्थित सर्वांनी ती ऐकली. कुणीही अनुमोदन दिले नाही. नावं पुढीलप्रमाणे.’

‘नावं कशाला?’ वकील ओरडले.

‘ऐकलंत ना तुम्ही? आता “कधीही कल्पना नव्हती” हा ठराव कोण मांडतंय, त्याचंही नाव लागणार आहे मला.’

कुणी मांडेना. ज्या माणसांना ‘सूचक’ म्हणून नाव लागावं यासाठी एकमेकांच्या अंगावरून हात वर करायची सवय, ती सगळी टेबलावरच्या रेघा बघत होती. मला हसू आलं, आणि रागही इतका आला की पेन कागदात रुतलं.

‘एक चूक आहे,’ मागून आवाज आला. मिरची उभी राहिली होती. ‘मी रडत नव्हते.’

‘निमंत्रितांना बोलायचा अधिकार नाही,’ दादा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. ‘खोडा ते, मावशी. तीन दिवस पाठ केलं होतं मी. कोण, कधी, कुठल्या खोलीत, सगळं. रडायचं नाही, हे पण ठरवलं होतं. रडणाऱ्या पोरांचं इथे कुणी ऐकत नाही, म्हणून.’

माझा हात थांबला. पुन्हा इस्त्री फिरवली होती मी. दुरुस्तीतसुद्धा! रडणारी पोर लिहायला सोपी पडते, वाचणाऱ्यालाही बरी वाटते.

‘नव्हती रडत,’ औषधवाले काका म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले की शेजारच्याने ‘काय?’ असं विचारलं. काकांनी पेला ठेवला.

‘नव्हती रडत ती. म्हणून तर आपण विश्वास ठेवला नाही. ती गेल्यावर साहेब, तुम्हीच म्हणालात, खरं असतं तर पोर रडली नसती का? आणि आपण सगळे हो म्हणालो. मीपण म्हणालो. त्या लहान मुलीच्या प्लास्टरचं सामान माझ्या दुकानातून गेलं होतं. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, हा पडून मोडलेला हात नाही. माहीत असून हो म्हणालो मी.’

‘काका, वयानं विसरायला होतं तुम्हाला,’ वकील म्हणाले.

‘विसरायला झालं असतं तर बरं झालं असतं,’ काका म्हणाले.

‘काका,’ मी विचारलं, ‘हे अनुमोदन समजू?’

‘समजू नका. लिहा.’

मी लिहिलं. सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक म्हणून त्यांचं. ‘रडत’ खोडलं, त्यावर ‘सर्व सांगून’ लिहिलं, बाजूला सही केली. दादा खुर्ची मागे सारून उठला. माझ्याजवळून जाताना थांबला.

‘आजपासून माझ्या दारात पाय ठेवायचा नाही.’

‘बरं,’ मी म्हटलं. साठी ओलांडलेल्या बाईला भावानं घर बंद केलं तर वाईट वाटू नये, पण वाटलं. त्याच्यामागून वकील गेले, मग मुख्याध्यापिका बाई, मग एकेक करत बाकीचे. प्रत्येकजण निघताना वहीकडे असं बघत होता, जणू ती चावेल. काका तेवढे बसून राहिले.

मी उरलेलं पूर्ण केलं. मिरची शेजारी येऊन उभी राहिली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. नखांत ग्रीस होतं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. हाताची सवय वाईट. मी लिहून बसले होते: अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली.

तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी आडवी रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिलं: सभा संपली. आभार कुणी मानले नाहीत.

तिनं त्या पानाचा फोटो काढला. मग मी बरोबर आणलेल्या जुन्या वहीतल्या पान एकशे बाराचाही काढला. दोन्ही फोटो नीट आलेत का ते मोठे करून बघितले. हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवून टेबलावर, दादाच्या जागेसमोर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

‘आता द्या चहा,’ ती म्हणाली.