पायाकडे बसू नका

थांबा! बसू नका. निदान पायाकडे तरी नाही. आधी माझं ऐकून घ्या, मग मला ढिगातून काढून काय बसायचंय ते तुमच्या जबाबदारीवर बसा.

मी खाट बोलतेय. घडीची, लोखंडी पाइपची, निळ्या पट्ट्यांची. हसताय काय? खाटेला तोंड नसतं म्हणून तुम्ही लोक आमच्यासमोर काय वाट्टेल ते बोलता. सगळं ऐकलेलं असतं आम्ही. तेव्हा जरा सांभाळून.

मला ज्या वेल्डरने घडवलं तो तसा हाताचा चांगला होता. पण माझ्या वेळेला त्याचं फोनवर सासऱ्याशी भांडण चाललेलं. "मी काय घरजावई आहे का?" असं ओरडत त्याने ड्रिल दाबलं आणि पायाकडच्या खटक्याचं भोक पडलं जरा बाजूला. झालं! तेव्हापासून माझा तो खटका बसल्यासारखा दिसतो, पण बसत नाही. पायाकडे कोणी टेकलं की मी लगेच काही करत नाही. तेवढी अक्कल आहे मला. माणूस गप्पांत रंगेपर्यंत वाट बघते. मग खट्! पाय मिटतो, माणूस जमिनीवर, आणि मी आपली साळसूद.

दुकानात आई आली तेव्हा दुकानदार माझी मजबुती दाखवायला स्वतःच बसला. कुठे? पायाकडे. त्याचं "बघा ताई, हत्ती बसला तरी—" एवढं बोलून झालं आणि पुढचं वाक्य त्याने फरशीवरून पूर्ण केलं. दुसरी खाट काढायला धावला बिचारा. तर ही बाई पोट धरून हसतेय. म्हणाली, "दुसरी नको. हीच द्या. आमच्याकडे पाहुणे फार वेळ बसतात."

तेव्हाच मला कळलं, हे आपलं माणूस.

आई म्हणजे माझी नव्हे, बबडीची आई. पण घरात सगळेच तिला आई म्हणायचे, शेजारचा टेम्पोवालासुद्धा मूडमध्ये असला की म्हणायचा, म्हणून मीही. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. घर दीड खोलीचं. इस्त्री केलेले कपडे माझ्यावर थप्पीने ठेवायची आणि काम संपलं की मला मिटून कपाटामागे सरकवायची. तिथे भिंतीला नाक लावून उभं राहायचं. जीव गुदमरायचा, पण सकाळी परत उघडणार हे माहीत असायचं.

मला ताळ्यावर आणायची युक्ती फक्त तिच्याकडे होती. गुडघा खटक्यावर ठेवायची, एक दणका द्यायची आणि म्हणायची, "गप, कार्टे!" की मी गप. बबडीने तसंच करून बघितलं तर मी तिच्या बोटाला चिमटा काढायचे. टेम्पोवाल्याला तर मी तीनदा पाडलंय. तरी तो यायचा आणि विसरून पायाकडेच बसायचा.

मग ती साथ आली.

बबडी चपला-बुटांच्या दुकानात कामाला होती, ते बंद झालं. इस्त्रीचे कपडे यायचे थांबले, कारण बाहेरच कोणी जात नव्हतं तर इस्त्री कशाला? पाहुणे बंद. मला पाडायला माणूस मिळेना. घरात दोघी आणि मी, आणि खिडकीतून दिसणारा समोरचा बंद शटरचा रस्ता.

आधी आईला नुसता ताप होता. मग माझ्यावर झोपल्या झोपल्या तिला धाप लागायला लागली. बबडीने ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा तो छोटा चिमटा आणला. मला राग आला, घरात चिमटे काढायचं काम माझं! पण त्यातला आकडा बघून बबडीचा चेहरा असा झाला की मी राग विसरले.

"आई, कसं वाटतंय?"

"कसं म्हणजे? दोन मजले... पळत चढल्यासारखं."

"तू तर झोपलीयेस."

"तेच तर सांगतेय."

बबडी सकाळपासून फोन लावत होती. अँब्युलन्सवाला म्हणे नंबर लावा. मोठ्या दवाखान्यात कोणीतरी उचलायचं, "होल्ड करा" म्हणायचं आणि मग नुसतं संगीत. शेवटी तिने भिंतीवर हात आपटले आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

तो भाजीचा टेम्पो. मागे बटाट्याची माती, कोथिंबिरीच्या काड्या. आईला बसवत नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, "मावशीला उतरवूच नको. खाटेसकट घेऊ." मग दोघांनी मला उचललं, जिन्यात दोनदा अडकले, रेलिंगला घासले, पण मी पाय मिटू दिला नाही. मला टेम्पोच्या कठड्याला दोऱ्यांनी आवळून बांधलं. इतकं करकचून की वळणावर हलताही येईना. वरून उघडं आभाळ, माझ्यावर आई, आईचा हात धरून बबडी.

"मावशी, झोपेत गडगडू नका हां," टेम्पोवाला ओरडला. "पडलात तर नाव माझं खराब."

"तू खड्डे... चुकव आधी," आई म्हणाली. एवढ्या वाक्याला तिला मध्ये थांबावं लागलं.

पहिला दवाखाना म्हणजे तोच, फोनवर संगीत ऐकवणारा. गेटला साखळी. साखळीमागे वॉचमन.

"फुल्ल आहे."

"अहो काका, आत एकदा विचारा तरी. सकाळपासून फोन करतेय, कोणीतरी नुसतं होल्ड करा म्हणतंय."

वॉचमनने खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "तो मीच गं पोरी. आतले लोक कामात आहेत, फोन माझ्याकडे दिलाय. मला होल्ड करा एवढंच बोलायला सांगितलंय."

टेम्पो वळवला.

दुसरीकडे काचेचं दार होतं आणि काचेला एक भोक, बोलायला. भोकामागचा माणूस म्हणाला, "रिपोर्ट आहे का?"

"नाही. टेस्टच नाही झाली अजून. कुठे करायची?"

"इथेच. आत."

"मग सोडा ना आत."

"रिपोर्टशिवाय आत सोडत नाही."

बबडी भोकाला तोंड लावून म्हणाली, "दादा, तुम्ही काय बोललात ते तुम्हाला ऐकू आलं का?"

"मॅडम, मी नियम सांगतोय."

टेम्पोवाला पुढे झाला, "अरे त्या बाईला धाप लागलीय, तिकडे बघ तरी!" तर त्या माणसाने खरंच बघितलं. बघितलं, आणि भोकावर आतून पुठ्ठा लावला. मला तर वाटत होतं, याला एकदा माझ्यावर बसवा. एकदाच. पण दोऱ्यांत जखडलेली खाट काय करणार?

आई आता बोलत नव्हती. तिची पाठ माझ्या पट्ट्यांवर ओली झाली होती. प्रत्येक श्वास मला आधी कळायचा. पट्ट्या ताणल्या जायच्या, थांबायच्या, थरथरायच्या. मग परत. घरात ती कपड्यांची थप्पी ठेवायची, उचलायची, मला वजन म्हणजे काय ते ठाऊक होतं. पण एका श्वासाला एवढं वजन असतं, हे त्या दिवशी कळलं.

तिसरा दवाखाना जुना, दगडी. तिथे गेटच नव्हतं, त्यामुळे निदान अडवायला कोणी नव्हतं. दारात एक सिस्टर आली, डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये. पाठीवर मार्करने "सिस्टर" लिहिलेलं, नाहीतर कोण कोण ते कळलंच नसतं.

तिने आईच्या बोटाला चिमटा लावला आणि पुटपुटली. मग बबडीला म्हणाली, "ऐक. व्हरांड्यात ऑक्सिजनचं एक तोंड मोकळं आहे. पण खाट नाही. खाली झोपवलं तर नळी पुरत नाही, बघितलंय मी करून. खाट मोकळी होईपर्यंत—"

"खाट आहे!"

"कुठे?"

बबडीने माझ्याकडे बोट दाखवलं.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मास्कमागे हसली असावी, डोळे बारीक झाले. "आजवर लोक उशी घेऊन आले, पंखा घेऊन आले. पेशंट खाटेसकट पहिल्यांदाच बघतेय. आणा आत!"

दोन वॉर्डबॉय धावले. दोऱ्या सोडल्या. एकाने नेमकं पायाकडे धरलं आणि माझी सवय उसळली, खटक्यात त्याचं बोट आलं. हातमोजा फाटला. त्या दिवसांत हातमोजा फाटणं म्हणजे काय, ते तिथल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तो पळत धुवायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोडीवर मला हसू आलं नाही.

"हिचा खटका सुटतो!" बबडी ओरडत होती. "पायाकडे कोणी बसू नका! गुडघ्याने दाबावं लागतं!" पण त्या प्लॅस्टिकच्या टोप्यांमध्ये कोणाला काय ऐकू येणार? तिने खाली बसून आपल्या उजव्या बुटाची लाल नाडी उपसली, खटक्याला गच्च आवळली. एवढ्यात सिस्टरने तिला हात करून मागे सारलं. नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते.

फटक फटक आवाज करत, एक बूट ओढत बबडी दाराबाहेर गेली. मी आत. दार बंद.

नळी पुरली. बरोबर पुरली. आईच्या तोंडावर मास्क बसला आणि थोड्या वेळाने पट्ट्यांची थरथर जरा कमी झाली.

पण माझं काय झालं होतं सांगू? मी अडकले होते. मिटणारी खाट, आणि मिटायचंच नाही! पाय आखडला तर आई खाली, नळी निसटणार. डाव्या बाजूला खाट, उजव्या बाजूला खाट, मध्ये हात जाईल एवढी फट. खिडकी होती पण तिच्यातून दुसरी भिंत दिसायची. दिवसभर यंत्रांची टुकटुक. नाडी खोकल्याच्या दर धक्क्याने जरा जरा सैल व्हायची आणि मी दातओठ खाऊन उभी.

एका दुपारी डॉक्टर आला. पोरगेलासा, डोळे सुजलेले. आईचा चिमटा बघितला, मान हलवली, आणि असा दमला होता की टेकला. कुठे? पायाकडे!

गेलं, म्हटलं मी. खटका सरकायला लागला. नाडी ताणली गेली. मी सगळ्या लोखंडाने धरून ठेवत होते पण भोकच चुकीचं, मी तरी काय करू? आईला बोलता येत नव्हतं. तिने डोळे उघडले, डॉक्टरकडे बघितलं, आणि चादरीखालून तिचा पाय हळूहळू सरकला. टाच खटक्यावर आली. दाबली. थरथरत होती ती टाच, पण दाबून धरली तिने. मास्कच्या आत ओठ हलले. आवाज आला नाही, वाफ धरली नुसती. पण काय म्हणाली ते मला माहीत होतं.

गप, कार्टे.

डॉक्टर बसल्या बसल्या पेंगला, दचकून उठला, "सॉरी काकू" म्हणून पुढच्या खाटेकडे गेला. त्याला कधीच कळलं नाही, तो कोणाच्या टाचेवर विसावला होता.

त्यानंतर एके सकाळी आईला चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन गेले. कुठे, ते मला कोण सांगणार? बरी होऊन गेली की वरच्या मजल्यावर गंभीर लोकांत नेली, काही कळलं नाही. ती जाताना वळून माझ्याकडे बघत होती, पण खुर्ची ढकलणारा घाईत होता. चादर बदलली आणि माझ्यावर दुसरं कोणीतरी. मग तिसरं. माझ्या पाइपवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकला. मी कोणालाच पाडलं नाही. प्रत्येक पाठ पट्ट्यांना टेकली की मी ओळखायचा प्रयत्न करायचे. एकही तिची नव्हती.

साथ ओसरली तसा व्हरांडा रिकामा केला आणि आम्हा सगळ्यांना तळघरात आणून एकमेकींवर रचलं. मी वरच होते, तशीच उघडी, नाडी बांधलेली. वर रस्त्याच्या पातळीला एक जाळीची खिडकी. तिच्यातून नुसते पाय दिसतात जाणाऱ्या-येणाऱ्यांचे.

आणि एक दिवस तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. बबडी! एका बुटाला लाल नाडी, दुसऱ्याला काळी. सोबत स्टोअरकीपर.

"हीच!" ती माझ्यापाशी धावली. "ही बघा माझी नाडी!"

"नाडी कुठेही मिळते. नंबर आमचा आहे. नंबर टाकला की दवाखान्याची."

"अहो, घरून आणलीय आम्ही. आईला हिच्यावर—"

"सगळे असंच म्हणतात."

मग एकदम बबडीच्या चेहऱ्यावर तिच्या आईचं हसू आलं. वॉर्डबॉयला हाक मारून तिने मला खाली उतरवून घेतलं, नाडी सोडली आणि म्हणाली, "बरं राहू दे. तुम्ही बसा ना, दमला असाल. इकडे, पायाकडे."

तो बसला. मी वाट बघितली. केवढं साठलं होतं माझ्यात! तो म्हणाला, "हे बघा, नियम म्हणजे—"

खट्!

"बघितलंत?" बबडी टाळ्या वाजवत होती. "आमच्याच खाटेला हा रोग आहे! आता तरी पटलं?"

तो कपडे झटकत उठला, लालबुंद. खिशातून खडू काढला आणि माझ्यावर लिहिलं, "मोडकी."

"मोडकी वस्तू बाहेर देता येत नाही. भंगारात जाते. लिलावात घ्या."

"लिलाव कधी?"

"साहेब आले की."

"साहेब कधी येणार?"

"जुन्यांची बदली झाली. नवीन यायचेत."

बघा, काय नशीब! माझी एकच कला, तीच नडली. बबडी भांडली, विनवलं, काही उपयोग नाही. आणि तेवढ्यात वरच्या जाळीतून, रस्त्यावर उभ्या टेम्पोतून आवाज आला. "बबडे! पडला का गं तो?"

"पडला आई! पण देत नाहीयेत!"

वर कोणीतरी खदखदून हसलं. हसता हसता खोकलं, आणि परत हसलं. मग जाळी दणाणली, "कार्टे, एवढ्या मोठ्या दवाखान्यात राहिलीस तरी सुधारली नाहीस ती नाहीसच!"

एका दमात. मध्ये कुठेही न थांबता. मी मोजलं नाही, पण त्या व्हरांड्यात तिला जेवढा श्वास दिवसभर पुरवून वापरावा लागायचा, तेवढा तिने माझ्यावर एका शिवीत उधळला.

तर आता मी इथे आहे. मिटायला मिळालं एकदाचं, पण आता माझ्यावर सतरा खाटांचं ओझं आहे, नाक भिंतीला, आणि सकाळी उघडणारं कोणी नाही. तिरकं बघितलं की वरच्या जाळीतून पाय दिसतात. रोज बघते, लाल-काळी नाडी दिसते का.

तुमची कुठे ओळख असेल, तर नवीन साहेब आले की मला ढिगातून काढायला लावा आणि त्यांना माझ्याकडे पाठवा. म्हणावं, या साहेब, दमला असाल, जरा टेका. पायाकडे ऐसपैस जागा आहे.