खोकल्यात गेलेला शब्द

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाचा प्याला आमच्या बाकावर भावजयीकडून माझ्याकडे येतो. आई गेल्यापासून ती तो दोन्ही हातांनी घेते, मान खाली घालते आणि ओठ न लावताच माझ्या हातात देते. मागच्यांना वाटतं, प्यायली. मी कशी फसेन? कडा कोरडी असते.

आईचं आजारपण हिनेच काढलं. आमचं शिवणकामाचं घर. कापणं भावाचं, मशीन भावजयीचं, काजं-बटणं माझी. नवरा वारल्यापासून मी माहेरीच असते. त्या दिवशी मी तयार कोट पोचवायला गेले होते. परत आले तर आई गेलेली, आणि मागच्या दोरीवर तिच्या उशीचा अभ्रा टपटप गळत होता. सकाळी अर्धी असलेली औषधाची बाटली रिकामी होती. घरात मयत असताना अभ्रा धुवायची घाई कुणाला असते? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी बाटली उचलली आणि माझ्या पेटीत कपड्यांखाली ठेवली.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिने आईला जास्त औषध पाजलं असेल का? नसेल, तर मग प्रभूच्या मेजापाशी ही चोरासारखी का बसते?

एकदा भाऊ कोटाची बाही कापत असताना मी विचारलं, "तुझी बायको प्याला का घेत नाही रे?"

"तिला विचार."

"नवरा तू आहेस."

"म्हणून तर विचारत नाही." त्याने कात्री थांबवली नाही. "ताई, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. चोर आपणहून तुरुंगात जाऊन बसले असते."

प्रभुभोजनाआधीची सूचना आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच म्हातारे वाचायचे. सगळे त्यांना खोकलेमास्तर म्हणत. उबळ त्यांना नेमकी एकाच जागी यायची. "अयोग्य... खॉक खॉक... कोणी हे घेऊ नये." पोरं ती उबळ यायची वाट बघायची. या हिवाळ्यात त्यांचा आवाजच बसला, म्हणून चर्चच्या पाळकांनी गवंड्याच्या सुनेला वाचायला उभं केलं. बाईचा आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेलाही जागा व्हावा. ती म्हणाली, "अयोग्य रीतीने कोणी हे घेऊ नये."

माझ्या शेजारी भावजय दचकली. मला दिसलं. मी ते लक्षात ठेवलं.

त्या दिवशी दुपारी मशीन चालवता चालवता तिने चाकावर हात ठेवला.

"ताई, गवंड्याची सून चुकली का हो आज?"

"कुठे?"

"'रीतीने' म्हणाली. मास्तर तर 'अयोग्य कोणी घेऊ नये' म्हणायचे."

"मास्तर खोकायचे. शब्द पहिल्यापासून तिथेच आहे." मी उतारवयात अक्षरं शिकले, तेव्हा उपासनेच्या पुस्तकातली ती ओळ बोट ठेवून वाचली होती. भावजयीला वाचता येत नाही. तिचं सगळं शास्त्र कानांनी आलेलं.

"मग अर्थ बदलतो?"

"कापड वाईट असणं वेगळं, शिलाई वाईट असणं वेगळं. कसं घ्यावं ते सांगितलंय. अंगी लायकी आणून घ्यायचं म्हटलं तर प्याला भरलेलाच परत जाईल."

तिने चाकावरचा हात काढला नाही. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. "तू स्वतःला अयोग्य का समजतेस? काय केलंस तू?"

"त्या दुपारी आई फार तळमळत होत्या. औषध गिळता येईना, सगळं उशीवर. पुन्हा पाजलं, पुन्हा उशीवर. बाटली संपली. मग मी गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, ने आता यांना, मी थकले. त्यांच्यासाठी नाही म्हटलं, ताई. माझ्यासाठी म्हटलं. आणि त्याने ऐकलं. मी उठले तर आई गेल्या होत्या. काय करावं सुचेना, म्हणून अभ्रा धुतला."

"तू सांगितलंस आणि तो लगेच निघाला? तुझा हरकाम्या आहे का तो?"

ती रडता रडता हसली. मी मात्र हसले नाही. औषध उशीवर सांडलं याला पुरावा काय? अभ्रा धुतलेला. बघणारं माणूस एकच, आणि ते मातीत. मी कितीही खोदलं तरी हाती काही लागणार नव्हतं. एक तर तिचा शब्द घ्यायचा, नाही तर ती बाटली मरेपर्यंत जपायची.

पुढच्या प्रभुभोजनाला प्याला आला. भावजयीने मान खाली घातली आणि सवयीने तो माझ्यापुढे धरला. मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

"ताई, धरा."

"आधी तू."

"लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना तेवढंच काम."

मागून बेकरीवाली कुजबुजली, "घोडं अडलं कुठे?" खोकलेमास्तर खाकरले. पाळक थांबून राहिले. मी हलले नाही. शेवटी तिने डोळे मिटले आणि प्यायली.

मग प्याला माझ्या हातात आला. कडा ओली होती. गवंड्याच्या सुनेचा तो शब्द आता माझ्याकडे तोंड करून उभा होता. शेजारी बसलेल्या भावजयीवर डोळा ठेवून मी इतके दिवस प्यायले, ती रीत कुठली? मी जरा वेळ थांबले. मग प्यायले.

घरी आल्यावर पेटी उघडली. बाटली गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, तिच्यात मशीनचं तेल भरलं आणि भावजयीच्या मशीनशेजारी ठेवली.

तिने ती ओळखली.

"ही तुमच्याकडे होती?"

"होती."

"कशाला ठेवली होतीत, ताई?"

"उगाच. जागा अडवून बसली होती." मी सुईत दोरा ओवायला घेतला. "तेल घाल आधी. किती कुरकुरतंय ते मशीन."