मधली जागा

बुलढाण्यात कारभारीभाऊंच्या छापखान्यात डिंपल कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायची. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. एक दिवस भाऊंनी तिच्या टेबलावर कागदाला कागद चिकटवून केलेला लांबलचक तक्ता ठेवला.

"धामणगाव बढ्याचं काम हाय, ताई. म्हाताऱ्याची पंच्याहत्तरी हाय. पुस्तकात वंशावळ टाकायची, समोरासमोरच्या दोन पानांवर."

तक्ता उलगडला आणि तिला सगळ्यांत वर आपल्या पणजोबांचं नाव दिसलं. नजर खाली उतरत वडिलांवर, नारायणरावांवर आली. पंच्याहत्तरी त्यांचीच होती. त्यांच्याखाली दोनच चौकटी होत्या. हरिओम आणि गोकुळ. आत्यांची, चुलत बहिणींची नावं नवऱ्यांसकट होती. डिंपलनं सरकारी दवाखान्यातल्या प्रेमानंदशी, एका बौद्ध मुलाशी, लग्न केलं तेव्हापासून तिला माहेर बंद होतं. सासरच्या आडनावामुळे भाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

वंशावळीचं झाड दोन पानांत मावत नव्हतं. खालच्या ओळीतली नावं एकमेकांवर चढत होती, एक काका नेमका पुस्तकाच्या घडीत जात होता. तिनं चौकटी अरुंद केल्या, लांब नावं दोन ओळींत मोडली, काकाला घडीतून बाहेर काढलं. वडिलांच्या फांदीवर दोन्ही भाऊ आपोआप शेजारी येऊन बसले होते. तिनं ते हातानं लांब सारले. मध्ये एका चौकटीपुरती कोरी जागा ठेवली आणि नमुना पाठवून दिला.

दोन-तीन दिवसांनी हरिओम नमुन्याची गुंडाळी घेऊन आला. तिला पाहून दारातच थबकला.

"ह्या आमच्या डिंपलताई. यायनंच केलं सारं," भाऊ म्हणाले.

हरिओम कागदाकडेच बघत बोलला, "भाऊ, माह्या आन् गोकुळच्या मधात जागा सुटली. तेवढी बंद करा."

"सुटली नाही, सोडली," डिंपल म्हणाली.

"काऊन?"

"तुले माहीत नाही काऊन, दादा?"

कारभारीभाऊ एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. हरिओमनं आवाज खाली आणला. "आईनं पाह्यलं. तिले वाचता येत नाही, पन त्या जागेवर बोट ठेवून बसली. जेवली नाही. बाबा भडकले. पाव्हन्यायसमोर तमाशा नको."

"मंग नाव टाक न माह्यं."

"बाबा हायेत तवर नाही."

"आन् तुले काय वाटते?"

"मले नको इचारू." त्यानं गुंडाळी टेबलावर ठेवली. "बंद कर, डिंपल. आईसाठी."

"आईचं नाव घेऊ नको. मी नाही करत." ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

कारभारीभाऊ ओशाळून तिच्या खुर्चीवर बसले. "माफ करा, ताई. गिऱ्हाईक हाय." त्यांनी चौकट ओढली. हरिओम आणि गोकुळ जवळ आले, पण वरची रेघ तुटली आणि गोकुळचा मुलगा सरकून हरिओमखाली लटकला.

"हे गोकुळचं पोरगं माह्याखाली कसं आलं?" हरिओम म्हणाला. भाऊंनी पुन्हा ओढाओढ केली, तर सगळी फांदीच तिरपी झाली.

त्या मुलाचं नाव प्रेम होतं. गोकुळला मुलगा झाल्याचं डिंपलला या तक्त्यावरूनच कळलं होतं. भाऊंच्या हाताखाली ते नाव इकडून तिकडे ढकललं जात होतं. तिला बघवेना.

"उठा, भाऊ."

तिनं प्रेमला त्याच्या बापाखाली नेलं. रेघ जोडली. दोन्ही भाऊ नारायणरावांच्या खाली बरोबर मध्यावर आणले. जागा उरली नाही.

"आता बरोबर दिसते," हरिओम म्हणाला. जाताना दारातून "येतो" म्हणाला. तिनं वर पाहिलं नाही.

पुस्तक छापून झालं. गठ्ठे बांधताना भाऊंनी एक प्रत बाजूला काढून तिच्यापुढे धरली.

"मले काय करायची?" ती म्हणाली, आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा मजकूर समोर ओढून घेतला.