पौर्णिमेला न बदललेला लांडगा

पेल्याच्या तळाशी चिकटलेली चारोळी नखाने सुटेना… वृंदा ती खरवडत राहिली, आणि कालची कोजागरी, कोलकात्यात बेहालाच्या गच्चीवर जमलेली चार मराठी बिऱ्हाडं, खालच्या मजल्यावरच्या बंगाली घरातून ऐकू येणारा लक्ष्मीपूजेचा शंख, सगळं मनात घोळत राहिलं – तोवर सानिकाचा फोन आला. वृंदा लिहिते ती प्रेममालिका पुण्याच्या ज्या ऑडिओ ॲपवर चालते तिथली ही संपादक. वयाने लहान, पण बोलते सासूसारखी.

"वृंदाताई, श्रोते खवळलेत. तुमचा नायक वेअरवुल्फ, आणि कालच्या भागात ऐन कोजागरीला नायिकेशेजारी बसून मसाला दूध पितो? चंद्र डोक्यावर असताना?"

खरंच की! पौर्णिमा म्हटल्यावर वृंदाने सवयीने दूध आटवायला घेतलं होतं. लांडगा ध्यानातच राहिला नव्हता.

"साधा नियम आहे," सानिका म्हणाली. "वेअरवुल्फला पौर्णिमेचा चंद्र माणसाचा लांडगा करतो. त्याचं काही चालत नाही, भान राहत नाही, रक्तातच असतं ते. शेपशिफ्टर स्वतःच्या मर्जीने रूप बदलतो. तुमचा नेमका कोण, ते संध्याकाळपर्यंत ठरवा. नाहीतर मालिका थांबवावी लागेल."

रक्तातच असतं ते… आई वृंदाच्या वडिलांबद्दल, अप्पांबद्दल असंच म्हणायची. ताट भिंतीवर आपटलं, आईच्या गालावर वळ उमटले, की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता – अंगात येतं गं त्यांच्या, भान राहत नाही. आणि गेल्या आठवड्यात, लेकीने, नूपुरने गणवेशावर शाई सांडली एवढ्याशा कारणावरून, वृंदाचा हात उगारला गेला होता. तो खाली आला नाही, पण पोर मान आत घेऊन उभी राहिली, अगदी आईसारखी… तेव्हापासून वृंदा स्वतःच्या हाताला भीत होती. नवऱ्याच्या, उदयच्या बदल्यांबरोबर किती गावं मागे टाकली, पण अप्पा कोलकात्यापर्यंत आलेच की, माझ्याच रक्तातून. आज ना उद्या हा हात खाली येणार.

मग आता नायकाला म्हणायचं तरी काय? ती लॅपटॉपसमोर बसली, आणि नायकाऐवजी अप्पाच दिसू लागले – आवाज चढलेला, आई कोपऱ्यात, आणि दारावरची बेल. शेजारचे कोणीतरी. लगेच अप्पा सदऱ्याची कॉलर सारखी करत दार उघडणार: "या, या! चहा घेणार ना?" दर वेळी. कधी एकदाही चूक नाही… साहेबांसमोर कधी नाही, पाहुण्यांसमोर कधी नाही. वृंदा ताठ बसली. बेल वाजली म्हणून वेअरवुल्फ माणूस होत नाही. अप्पांचं भान कधी गेलंच नव्हतं.

तिला आधी संताप आला, आणि मग एकदम इतकं हायसं वाटलं की ती एकटीच हसायला लागली, हसता हसता रडलीही. चंद्र नाही, रक्त नाही, शाप नाही… काहीच नाही! तिने सानिकाला कळवून टाकलं: शेपशिफ्टर.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. उदयने काल एस्प्लनेडहून येताना आणलेल्या मिष्टी दोईचं मातीचं भांडं. फरशीभर गोड दही, आणि मधोमध अनवाणी नूपुर.

"आई, मी नाही पाडलं! ते… ते आपोआप पडलं."

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच. ती काही 'शेपशिफ्टर' या एका शब्दाने विझणारी नव्हती. नूपुरने मान आत घेतली. वृंदा दारात थांबली. हात जड झाला होता, आणि तो तिचाच होता – आता अप्पांवर ढकलायची सोय उरली नव्हती. याची भीती वाटायला हवी होती. पण तो आवरणंही तिच्याच हातात होतं, आणि छातीवरचं ओझं खरोखर उतरलं होतं.

"हलू नकोस," ती म्हणाली, "पायाला लागेल." आपला आवाज किती चढलाय हे तिला अगदी नीट ऐकू येत होतं.